दुपारी बाहेर पडणाऱ्या खुर्च्या

यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. खुद्द सुतारकाकांचाही तो अधूनमधूनच बसे, आणि गोष्ट तर त्यांनीच रचलेली.

चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर असं सामान आजाऱ्यांना फुकट वापरायला देणारी ती खोली आज बंद व्हायची होती. काकांची थोरली बहीण संस्थेची अध्यक्ष. ती कुलूप घेऊनच आली होती. नियम असा, की स्वयंसेवक निदान दोन हवेत. यादीत उरले होते एकटे काका. हल्ली नाव लिहा म्हटलं, की लोक अंगावर पाल पडल्यासारखं करत. आणि तरीही रोज दुपारी खोलीतलं सामान कुणाच्या तरी घरी पोचे, काम झालं की परत येई. कोण नेतं, ते काकांना वर्षभरात कळलं नव्हतं. पाळत ठेवायला बसलं, की नेमका डोळा लागे. आज तरी तो माणूस सापडायलाच हवा होता.

निरोपाच्या चहाला गल्ली जमली होती. काकांनी घसा खाकरला.

“माणसं येईनाशी झाली ना ताई, तेव्हा सामानच कामाला लागलं. दुपारी दोनला गल्ली पेंगते, उन्हावर साय धरते. मग आधी कुबड्या उठतात, जोडीनं, नवराबायकोसारख्या कुरकुरत. मागून वॉकर. पलंग तर होडीसारखा तरंगत निघतो, खिडक्यांतले पडदे त्याला वारा घालतात. चौकात दिवा लाल झाला, की सगळे थांबतात हं!”

“आणि पत्ता कोण सांगतं त्यांना?” बहिणीनं विचारलं.

“लाकडाला कण्हणं लांबून ऐकू येतं.”

“लहानपणीही ताप चढला, की असंच बरळायचास तू.”

लोक हसले. मग हळूहळू हसू विरलं. औषधवाल्यानं तर डोळे मिटून घेतले होते. छपरांवरून संथ जाणारा तो पलंग जणू त्याला दिसत होता. कपातला चहा निवत गेला. बहिणीनं पिशवीतून कुलूप काढलं. काकांनी शेवटचा खडा टाकला.

“सगळ्यांत गुणी ती निळी खुर्ची. कुणाचा हात नको, धक्का नको. नाकासमोर चालते आणि वळणावर बदकासारखी अलगद—”

दाराशी कपड्यांचं गाठोडं घेऊन इस्त्रीवाली उभी होती. तिला राहवेना.

“काका, थापा माराव्यात, पण किती! ती मेली नाकासमोर चालते? नुसती डावीकडे ओढते! घरोघर कपडे द्यायला जाते, तेव्हा गाठोडं तिच्यावर टाकून मीच ढकलते तिला आजाऱ्याच्या दारापर्यंत. दर वळणावर लाथ घालावी लागते, तेव्हा कुठे वळते!”