बियाण्याची पंगत

अनुसया सकाळपासून भात साठवायची कणगी सारवत होती. शेणामातीचा हात फिरवता फिरवता दारातल्या नवऱ्याला म्हणाली, "निस्तं बघत काय उभं ऱ्हायलाय? पाणी तरी आणा की!"

"हुकूम, मालकीणबाई!" म्हणत जयवंत हसत कळशी घेऊन निघाला.

मुळशी खोऱ्यात या दोघांचं आंबेमोहोराचं बियाणं नावाजलेलं. लोंबी न् लोंबी निवडून ठेवायची. रोहिणी निघाल्या की पार ताम्हिणीपर्यंतचे शेतकरी पोती घेऊन दारात हजर. घरात कणग्या दोन, लहान खाण्याची आणि मोठी धंद्याची. सण असो, पाहुणा येवो, मोठीला हात लावायचा नाही. हे शहाणपण कुणी शिकवलेलं नव्हतं. लेकीच्या बारशाला बियाणं शिजवून बसले आणि पावसाळाभर दुसऱ्याच्या बांधावर राबले, तेव्हा आलेलं. ती लेक, लीला, आता नऊ वर्षांची होती. तिला सातवीपर्यंत तरी शिकवायचीच, असं दोघांनी ठरवलं होतं.

१९७८ सालचा चैत्र. रोपाच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब जाळायला ऐनाच्या फांद्या तोडताना जयवंत झाडावरून पडला, तो उठलाच नाही.

अनुसया कोपऱ्यात बसली. कुंकू पुसलेल्या बाईनं तेरावं होईतो कोपरा सोडायचा नाही, पुरुषांत बोलायचं नाही! कुणी घातली ही रीत? ज्यांना तिचं ऐकायचं नव्हतं, त्यांनीच घातली असणार, दुसरं कोण!

ओसरीवर भावकी जमली. थोरले दीर साहेबराव म्हणाले, "तेरावं दणक्यात झालं पायजे. न्हाईतर गाव काय म्हनंल?"

"आन् तांदूळ?" कुणीतरी विचारलं.

"मोठी कनगी भरलेली हाय की."

अनुसया कोपऱ्यातूनच ओरडली, "भावजी, त्ये बियाणं हाय! आमचा धंदा हाय त्यो! ल्हान कनगीतलं घ्या, त्यात भागवा."

"त्यात गाव जेवतंय व्हय? नवरा गेला न् हिला धंदा सुचतोय!"

"गप ऱ्हा पोरी," सासू धोंडाबाई म्हणाली. "माझ्या लेकाच्या नावाला बट्टा नगं." तिचंही काळीज फाटलेलं होतं. पण रीतीपुढं तिला सून दिसेना की नात दिसेना.

बियाणं बैलगाडीतून पौडच्या भातगिरणीत गेलं आणि तांदूळ होऊन आलं. तेराव्याला आळीभर घमघमाट सुटला. पंगतींवर पंगती उठल्या. "जयवंताचं नाव राखलं गड्या!" म्हणत लोकांनी बोटं चाटली. आत अनुसया तोंडात पदर कोंबून रडत होती. लोंब्या निवडणारे जयवंताचे हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

रोहिणीत शेतकरी येऊ लागले. खांद्यावर रिकामं पोतं टाकून ताम्हिणीचा किसनही आला.

"वैनी, औंदा जरा जास्ती द्या बियाणं."

"न्हाई उरलं, दादा."

"न्हाई? गेलं कुटं?"

"तेराव्याला जेवलात न्हवं तुमी? त्येच व्हतं."

किसननं खांद्यावरचं पोतं काढून खाली ठेवलं. "मला काय ठावं, वैनी! म्या तर दोनदा मागून घेतला भात."

"तुमचं काय चुकलं? माजंच कुनी ऐकलं न्हाई."

तुमचं काय चुकलं, म्हणते ही बाई! अहो, चुकलं. पानावर बसलेल्या एकूणएक माणसाचं चुकलं.

दुसरं बियाणं आणायला हातात काही नव्हतं. शेत साहेबरावांनी अर्धेलीनं घेतलं आणि अनुसया लोकांच्या खाचरात लावणीला जाऊ लागली. लीलेला पुण्यात एका घरी धुण्याभांड्याला धाडलं. एसटीत चढताना पोर म्हणाली, "आये, शाळंत माजं नाव ऱ्हाऊ दे. म्या येनार हाय." ती शाळेत परत आली नाही.

गावात अजून जेवणावळींचा विषय निघाला की लोक मिटक्या मारत म्हणतात, "जेवान झालं त्ये जयवंताच्या तेराव्याचं! तसा भात फिरून खाल्ला न्हाई."

कुठून खाणार? बियाणंच खाऊन उठलात!