रसेल मोठा की चेंबरलेन?

मी बास्केटबॉलचं कडं बोलतोय. शहरात मला रिंग म्हणतात म्हणे. फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात मी कडंच. उसाच्या फडांतून रस्ता येतो, लांबवर साखर कारखान्याची चिमणी दिसते, आणि मारुतीच्या देवळामागच्या पटांगणात एका खांबावर मी बसलेलो असतो. बसलेलो म्हणजे थोडा कललेलो. तेवढं माझ्या वयाकडे बघून सोडून द्या.

उंचावर राहणाऱ्याला माणसांचे चेहरे नंतर दिसतात, टाळकी आधी. कुणाचं टक्कल कुठून सुरू झालं, कुणी कलप लावायला घेतला, हे मला त्यांच्या बायकांच्याही आधी कळतं. पण मला आज सांगायचं आहे ते दोनच टाळक्यांबद्दल. एक नानासोचं, दुसरं केरबाचं. दोघांनाही मी एकेरीतच हाक मारतो. त्यांनीच मला इथे आणलं, आणि घरच्या माणसांना कुणी अहोजाहो करतं का?

माझा जन्म फलटणच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. तिथे खिडक्यांची ग्रिलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनायच्या. एके दिवशी दोन निवृत्त फौजी दुकानात शिरले. एक ठेंगणा, चपळ डोळ्यांचा. दुसरा इतका उंच की दारातून वाकून आत आला आणि आतही वाकूनच उभा राहिला.

"लोखंडाचं कडं पायजे," ठेंगणा म्हणाला.

"काय अडकवायचं त्यात?" दुकानदाराने विचारलं.

"काय न्हाई. मोकळंच ऱ्हायला पायजे. वरनं चेंडू टाकला की खाली पडला पायजे."

"खालीच पाडायचाय, तर वर कशाला टाकताय मग?"

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. सळई तापली, वाकली, टोकाला टोक जुळलं, आणि त्या हसण्यातच मी गोल झालो.

माझा खांब केरबाच्या गावचा, माण तालुक्यातला. तिथे त्याने बोअर मारलं, पाणी काही लागलं नाही, तेव्हा आत घातलेला लोखंडी पाइप उपसून तो घेऊन आला. मागचा फळा म्हणजे नानासोच्या जुन्या ट्रॉलीचं मागचं दार, फाळका. जाळीसुद्धा केरबाचीच. त्याचं घराणं मेंढपाळांचं. मेंढरं रात्री कोंडायला जी जाळी लावतात, तिचा एक तुकडा त्याने माझ्या गळ्यात बांधला. पहिले काही दिवस मला मेंढरांचा वास यायचा. पुढे पुढे तो आवडायला लागला.

दोघं फौजेत एकाच पलटणीच्या बास्केटबॉल संघातून खेळलेले. नानासो चेंडू पळवायचा आणि बरोबर वेळेला केरबाच्या हातात द्यायचा. केरबा कड्याखाली उभा असायचा, हात वर करायचा आणि टाकायचा. निवृत्तीनंतर केरबा माणातल्या माळावर एकटाच बसलेला नानासोला बघवेना. त्याने निरोप धाडला, "तितं काय दगड राखतोस? हिकडं ये." केरबा आला, कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाला, आणि संध्याकाळी ड्यूटी सुटली की पटांगणात.

पटांगणात येऊन खेळायचे थोडं, भांडायचे फार.

भांडण पलटणीतलंच होतं. त्यांना खेळ शिकवणाऱ्या उस्तादाने कधीतरी अमेरिकेतल्या दोन धिप्पाड खेळाडूंची गोष्ट सांगितली होती. एक विल्ट चेंबरलेन, ज्याने एकट्याने एका सामन्यात शंभर गुण केले. दुसरा बिल रसेल, ज्याच्या संघाने अकरा अजिंक्यपदं जिंकली. बास्केटबॉलच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा उंच गडी कोण, एवढाच सवाल. केरबा चेंबरलेनचा, नानासो रसेलचा. दोघांनीही दोघांना कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे भांडणाला काहीच आडकाठी नव्हती.

"शंभर रं, शंभर!" केरबा गरजायचा. "तुझ्या रसेलला सात जन्मांत जमलं असतं का?"

"शंभराची फिल्म दाव. हाय का? कुनीच काढली न्हाई."

"फिल्म न्हाई म्हनून? आरं, महाराजांची तरी फिल्म हाय का? मग गड जिंकलंच न्हाईत व्हय?"

त्या दिवशी नानासो चपला सरकवून घरी गेला. पण दुसऱ्या दिवशी दारूगोळा भरून हजर. "केरबा, शंभर करनाऱ्याला चेंडू दिला कुनी? चौघांनी. रसेल त्या चौघांना मोठं करायचा. दुसऱ्याला मोठं करतो त्योच मोठा."

"मग पलटनीत तूच मोठा म्हन की! मला चेंडू तूच देत व्हतास."

"म्हनतोयच की! तुला आत्ता कळलं?"

आणि पुन्हा हसणं. मी लोखंडाचा, पण त्या हसण्याने मला बरं वाटायचं.

एकदा विश्वजित नावाचा कॉलेजातला पोरगा मोबाइल नाचवत आला. "आजोबा, तुमचं दोघांचंबी चुकतंय. शाकिल ओ'नील! त्यो कड्याला लटकला की फळा फुटायचा." तेव्हा मात्र दोघं एका तोंडाने त्याच्यावर तुटून पडले, "फळा फोडन्यात कसला आलाय मोठेपना? नवा फळा तुझा बा आननार हाय का?" जन्मात एवढ्याच एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. फळ्याच्या वतीने मी त्यांचे मनोमन आभार मानले.

मग गेल्या साली, कारखान्याचा गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला, आणि नानासोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणं गेलं. मुलगा जयराज फौजेत, दूर सीमेवर. तो रजेवर आला, बापाच्या पायाशी बसला, रजा संपली तसा गेला. सगळं सुनेवर पडलं. राजेश्वरी तिचं नाव. ती रोज संध्याकाळी चाकाच्या खुर्चीतून नानासोला माझ्याखाली आणून बसवायची. घरात तो छताकडे बघत राहतो, इथे निदान माणसं दिसतात, असं तिचं म्हणणं.

माणसं यायचीही. आमच्याकडे एक रीत आहे. माणूस पैलतीराला लागला असं दिसलं की त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. भिंतीवर मोर बसलाय म्हणाला तर बसलाय. म्हणेल त्याला हो म्हणायचं, त्याचा जीव दुखवायचा नाही. रीत मायेचीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. तर नानासोच्या तोंडून घशातला काहीतरी आवाज निघायचा, आणि भेटायला आलेले त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "व्हय, व्हय." काय म्हणाला ते कुणालाच कळलेलं नसायचं. त्याचे डोळे लाल व्हायचे. मला वरून सुद्धा दिसायचे.

केरबा आला तो मात्र खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय रं, पडलास? रसेलची मानसं आशीच. चेंबरलेनवाला आसतास तर उभा आसतास."

राजेश्वरी दचकली. "आवं तात्या, आजारी मानसाशी कुनी आसं बोलतं का?"

"आजारी हाय पोरी, मेलेला न्हाई."

आणि नानासोने डावा पंजा खुर्चीच्या हातावर धाडकन आपटला. झटक्यानंतर त्याने पहिल्यांदाच काहीतरी स्वतःच्या मर्जीने केलं होतं.

तेव्हापासून केरबाने सपाटाच लावला. रोज येऊन तो नवं खोटं बोलायचा. रसेलला डावा हातच नव्हता म्हणायचा. रसेलची चड्डी घसरायची म्हणायचा. नानासो पंजा आपटायचा, तोंड वेडंवाकडं करायचा, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. आणि एका संध्याकाळी केरबा म्हणाला, "अकरा अजिंक्यपदं म्हनं! दोनच जिंकल्यात त्यानं. बाकीच्या गावगप्पा."

नानासोचे ओठ थरथरले. छातीच्या तळातून, विहिरीतून बादली ओढावी तसा, एक शब्द वर आला.

"न्... न्हाय!"

पटांगणात सगळं थांबलं. राजेश्वरी तिथेच ओरडत जयराजला फोन लावायला लागली, "आवो, आबा बोललं! न्हाय म्हनलं!" केरबा एवढा मोठा गडी, माझा खांब दोन्ही हातांनी धरून हसत होता, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. त्याचा तो हुंदका खांबातून माझ्यापर्यंत पोचला.

नानासोला तेवढा एकच शब्द परत मिळाला. पण तो शब्द त्याने काय मिरवला! नावडती भाजी, न्हाय. कडू औषध, न्हाय. चेंबरलेन, न्हाय, न्हाय, न्हाय! तो शब्द काढायला समोर कुणीतरी आडवं उभं राहावं लागायचं, आणि ते काम केरबा मनापासून करायचा. त्या एका शब्दाच्या जोरावर नानासो पुन्हा गावातला माणूस झाला होता.

पावसाळ्यात त्याच्या छातीत कफ धरला. साताऱ्याला दवाखान्यात नेलं. बऱ्याच दिवसांनी परत आणलं तेव्हा खुर्चीत माणूस कमी आणि पांघरूणच जास्त होतं. घरी न्या, असं तिथे सांगितलं होतं. या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळतो.

त्या संध्याकाळी नानासोनेच हाताने पटांगणाकडे खूण केली, म्हणून राजेश्वरी त्याला घेऊन आली. केरबा कारखान्यातून आला. रोज लांबूनच आरोळी ठोकणारा माणूस आज गुपचूप आला आणि नानासोच्या पायाशी मातीत बसला. पहिल्यांदाच केरबाचं टाळकं मला नानासोच्या खाली दिसलं.

"नाना," तो म्हणाला, "लय भांडलो आपुन. आता बास. तुझंच खरं व्हतं गड्या. रसेलच मोठा."

नानासोने त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"न्हाय."

"व्हय रं. मी उगाच हट्ट करत व्हतो. रसेलच."

"न्हाय!" डावा हात उचलला, पण आपटण्याइतकं बळ त्यात उरलं नव्हतं. तो नुसताच खाली आला.

मला कळलं. आयुष्यभर ज्याने रसेलच्या विरुद्ध एक अक्षर ऐकून घेतलं नाही, तो आज स्वतः रसेलला न्हाय म्हणत होता. तो चेंबरलेनच्या बाजूला जायला तयार होता, कुठेही जायला तयार होता, फक्त समोर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. अरे केरबा, ऊठ! शिवी दे त्याला! रसेलची चड्डी घसरायची म्हण! असं मला ओरडून सांगायचं होतं. पण लोखंडाला देवाने तोंड दिलं नाही. मला दिलं ते नुसतं भोक.

केरबाला वाटलं, बिचाऱ्याकडे एकच शब्द उरलाय, तोच फिरवून फिरवून बोलतोय. त्याने तो वाळका हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला, कुरवाळला, आणि म्हणाला, "व्हय, व्हय."

अगदी भेटायला येणाऱ्यांसारखं.

नानासोने हात काढून घेतला नाही. तो केरबाकडे बघत राहिला, मग त्याने नजर काढून घेतली. अंधार पडायला लागला तशी राजेश्वरीने खुर्ची वळवली.

त्याच आठवड्यात नानासो गेला.

तेराव्यानंतर राजेश्वरी पटांगणात आली. केरबा माझ्या खांबाला टेकून बसला होता. ती जरा लांब उभी राहिली.

"तात्या, एक इचारू का? त्या सांजंला आबांना काय झालं वो? तितनं पुढं त्यांनी न्हाय म्हननंच सोडलं. औषध दिलं की व्हय म्हनून मान हलवायचे. दूध दिलं की मान हलवायचे. मी म्हनलं, आबा, ह्यांना सीमेवरनं बोलवून घिऊ का? मान हलवली. म्हनलं, नको का बोलवू? तरीबी हलवली." तिने पदर तोंडाला लावला. "मला कळंना कशाला व्हय म्हनत्यात. मग मी बोलावलंच न्हाई."

केरबा खांब धरून उभा राहिला. मग त्याने विचारलं, "मी व्हय म्हनलो, म्हनून?"

"मला न्हाई ठावं, तात्या. तुमी तर मायेनंच म्हनलासा."

ती गेली. केरबाने खांबावर कपाळ टेकलं आणि तो रडला. या वेळी हसणं नव्हतं त्यात.

आता माझी जाळी फाटली आहे. एक बोल्ट कधीच निखळला, दुसरा त्याच वाटेवर आहे. पटांगणात मांडव घालायला खांब आडवा येतो, तो काढून टाका, असं पंचायतीत चाललंय. काढतील. मला गंजाची भीती नाही आणि भंगाराचीही नाही. भीती आहे ती खाली बसलेल्या म्हाताऱ्यासाठी.

केरबा अजून रोज येतो. परवा विश्वजित मुद्दाम त्याच्याजवळ बसला. "तात्या, चेंबरलेनच मोठा, नव्हं का?"

"व्हय."

"मग शाकिल?"

"त्योबी मोठा."

"आन् रसेल?"

"त्योबी. तुमी म्हनाल त्यो मोठा, पोरांनो."

पोरगं बिचारं केरबाच्या खांद्यावर हात ठेवून उठून गेलं.

म्हणून तुम्हाला सांगतोय. कधी फलटणकडे आलात, तर देवळामागे या. मी असेन नसेन, केरबा असेल. त्याच्याशेजारी बसा आणि कुणाही उंच गड्याचं नाव घ्या, अब्दुल-जब्बारचं घ्या, ओलाजुवानचं घ्या. तो व्हय म्हणून मान हलवेल. तरी सोडू नका. शंभराची फिल्म मागा. चेंबरलेनला खेळता येत नव्हतं म्हणा, खोटंनाटं बोला, चिडवा, त्याच्या अंगावर जा. त्याला खूप राग येऊ दे. पण तो थकलेला दिसला, म्हातारा दिसला, तुम्हाला त्याची दया आली, तरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेवढं 'व्हय, व्हय' म्हणू नका.