मी कोरा आहे, कोरी नाही

"परक्या मुलखात गेलीस तर आधी आपलं नाव नीट सांग. नाहीतर लोक तुझं भलतंच काहीतरी करतील." मला घडवणारा म्हातारा कारागीर असं बजावत होता, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. माझं नाव सांगावं लागेल असा मुलूख जगात असेल, हेच मला पटत नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुनी कोरा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशातलं तंतुवाद्य. तिथल्या एका नदीकाठच्या गावात माझा जन्म झाला. भल्यामोठ्या भोपळ्याचं अर्धं कवच, त्यावर ताणून बसवलेलं चामडं, उंच लाकडी दांडा आणि एकवीस तारा, असं माझं अंग. वाजवणाऱ्याला धरता यावं म्हणून पुढे दोन दांडक्या. या दांडक्या लक्षात ठेवा. पुढे घोटाळा त्यांच्यामुळेच झाला.

माझे पहिले धनी होते फोदे. ते जाली घराण्यातले. जाली म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गाणारे, वाजवणारे आणि इतरांची कुळं तोंडपाठ ठेवणारे लोक. तुमच्याकडचे भाट म्हणा ना! कुणाकडे बाळ जन्मलं की फोदे मला घेऊन जात आणि बाळाचं नाव त्याच्या पूर्वजांच्या नावांसह गाऊन सांगत. वाजवण्याआधी ते घरधन्याला एकच प्रश्न विचारत, "तुझ्या आजीचं नाव काय?" भल्याभल्यांची तेव्हा ततपप होई.

एकदा रेडिओवाल्यांनी त्यांना बोलावलं आणि आमचं नशीब पालटलं. बाजारात, होडीत, न्हाव्याच्या दुकानात आमचाच आवाज. मग विमानं, परदेशातली मोठी नाट्यगृहं, उभं राहून टाळ्या वाजवणारी माणसं. फोदे परत आले की पायातले चकचकीत बूट काढून आधी माझ्या तारा पुसत. कौतुक डोक्यात गेलं ते माझ्याच.

फोदे गेले आणि मी खुंटीला लागले. कोरा मुलांनी वाजवायची, मुलींनी नाही, अशी तिकडची जुनी रीत. फोदेंना मुलगा नव्हता. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. फक्त त्यांची नात आवा धूळ पुसायच्या निमित्ताने हळूच तारा छेडायची. शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा तिने कपडे कमी घेतले आणि मला घेतलं.

अशी मी कोथरूडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आले. तिचा नवरा लामिन नोकरीमुळे गॅम्बियातच राहिला. आवाला मुलगी झाली, ती इथेच. घरात दोघीच. बाळ झोपलं की आवा त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. मग फॅनकडे बघायची, मग दाराची कडी, मग पुन्हा श्वास. तिचं बघून मलाही तीच खोड लागली.

शेजारच्या सुशीलाबाई रोज बाळाला न्हाऊ घालायला येत. बारशाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला निरखून विचारलं, "हे काय गं?"

"ही कोरा," आवा म्हणाली.

"ही *कोरी* म्हणावं. कोरा तो, कोरी ती. आणि कोरी आहे तर वापर की! नुसती उभी करून काय पूजा करायची?"

आवाला यातलं अर्धंच कळलं. ती हसली आणि बाळाशेजारी आडवी झाली. तिचा डोळा लागला. सुशीलाबाईंनी बाळाचे ओले लंगोट पिळले, माझ्या दांडक्यांवर एकेक वाळत घातले, दुपटं चामड्यावर पसरलं आणि समाधानाने घरी गेल्या.

मित्रांनो, तो म्हातारा कारागीर खरं बोलला होता! पाणी चामड्यात मुरत गेलं. चामडं सैल पडलं, तारांना उचलून धरणारी लाकडी घोडी खाली बसली, तारा लोंबल्या. आवा उठली, तिने एक तार छेडली. 'भद्द' असा आवाज आला.

तिच्या रडण्याने सुशीलाबाई धावत आल्या. "अगं, बाळ ठीक आहे ना?"

"काकू, ही म्युझिक. आजोबांची. उद्या हिने नाव सांगायचं. ही नाही बोलली, तर बाळाला आमचं कोणीच नाही."

सुशीलाबाईंनी घाईघाईने लंगोट ओढून काढले. "वाद्य आहे होय! आणि मी मेलीने स्टँड केला त्याचा." मग त्यांनी पदर खोचला. "रडू नकोस. बाळाला रोज काय देते मी? शेक. हिलाही देऊ."

शेगडी आली. निखारे फुलले. त्यावर ओवा पडला. एका बाजूला बाळ, दुसऱ्या बाजूला मी. मध्ये सुशीलाबाई, उलट्या तळव्याने आच बघत. वासाने जिन्यातून सोसायटीचे सेक्रेटरी हिंमतराव आले. "भोपळा भाजताय? भाजीला चिरून घ्यावा लागतो."

"तुम्ही वारा घाला," सुशीलाबाई म्हणाल्या. हिंमतराव मुकाट्याने पुठ्ठा घेऊन बसले.

चामडं हळूहळू ताणलं गेलं. घोडी उभी राहिली. आवाने एकेक तार जुळवली आणि शेवटची छेडली. मी बोलले! जिन्यातली माणसं दारात थबकली.

दुसऱ्या दिवशी पाळणा सजला. फोनवर लामिन आणि त्याच्या मागे सगळं गाव. आवाने मला मांडीपुढे घेतलं आणि सुशीलाबाईंना विचारलं, "काकू, तुमच्या आजीचं नाव काय?"

सुशीलाबाई गोंधळल्या. "मुक्ताई," त्या हळूच म्हणाल्या. "कित्येक वर्षांनी विचारलं गं कुणी."

आवा गायली. फोदेंचं नाव, त्यांच्या आईचं नाव आणि त्यानंतर मुक्ताई. जाली घराण्यातल्या लेकीने, भर सभेत, कोरेवर! शेवटी बाळाचं नाव आलं, सीरा. फोनवरच्या म्हाताऱ्या उठून नाचू लागल्या. टाळ्या थांबेनात. नाट्यगृहांतल्या टाळ्यांचा मला तिथे विसर पडला.

"शिरा?" सुशीलाबाईंनी डोळे पुसले. "मग आज शिराच करते."

आता सोसायटीत माझं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याजवळ कुणी ओलं फडकंही आणत नाही. पण मला एक काळजी आहे, मित्रांनो. तुमच्याही जिन्यात एखादं बंद दार असेल. आत एकटी आई असेल, बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसलेली. सुशीलाबाई सगळीकडे नसतात. तेव्हा आजच ते दार वाजवून तिची विचारपूस करून याल का? चहा न्या. घरात दूध नसलं तरी अडू नका.

कोराही चालेल.