एकही खिळा न ठोकता

शनिवारी संध्याकाळी नत्थूजींचा फोन आला तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस आज भाड्यासाठी बोलत नाही. भाड्यासाठी बोलतात तेव्हा त्यांचा आवाज खरखरीत असतो. आज नुसता पाक गळत होता.

नत्थूजी आमचे घरमालक, राहतात सौंसरला. पांढुर्ण्यातलं हे दोन खोल्यांचं घर त्यांनी सहा वर्षांपूर्वी आम्हाला दिलं ते एका अटीवर: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. रंग मी देणार नाही, दुरुस्ती मी करणार नाही, पण खिळा दिसला तर सामान रस्त्यावर, असं त्यांनी हसत हसत सांगितलं होतं. त्यानंतर ते तीनदा आले असतील, तेही दारातूनच परत गेले.

आता म्हणत होते, त्यांच्या सुनेनं, डिंपलनं, आमच्या पोरीनं, तेजूनं, टाकलेला घराचा व्हिडिओ पाहिला. घर काय झकास केलं म्हणे आम्ही, ओळखूच येत नाही. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून रोज नव्या खात्याचे साहेब येतात, त्यांना घरं लागतात आणि दुप्पट भाडं द्यायला ते तयार असतात. अशाच एका साहेबांची बायको उद्या अकरा वाजता घर पाहायला येणार होती. तिला पसंत पडलं की आम्ही महिन्याभरात दुसरीकडे पाहायचं.

फोन ठेवला आणि आधी राग आला, भीती नंतर. माझी मुलगी तेजस्विनी बारावीला, परीक्षा फेब्रुवारीत. शाळा इथून चालत दहा मिनिटं. आमच्या ऐपतीचं घर आता गावात उरलं नव्हतं. मिळालं असतं तर लांब, तिगावच्या बाजूला, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरीनं रोज तिथून ये-जा करायची. तेवढं मी होऊ देणार नव्हते. परीक्षेपर्यंत या घरातून हलायचं नाही, बाकी जगात काय चाललंय याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं.

चीड याची की हे सगळं मीच ओढवून घेतलं होतं.

घर नटवायची मला भारी हौस. पैसा नव्हता म्हणून डोकं चालवलं. संत्र्याच्या मोडक्या लाकडी पेट्या बाजारातून आणल्या, घासल्या, एकावर एक रचल्या, पुस्तकांचं कपाट झालं. लग्नातल्या दोन साड्या विरल्या त्यांचे पडदे केले, तेही चौकटीत बांबू अडकवून. उलटी टोपली बल्बवर टांगली तर संध्याकाळी छतभर जाळीदार सावली पडायची. बाटल्यांत मनीप्लांट लावला, फुटक्या फरशीवर चिंध्यांची गोधडी टाकली. शेजारची इंदू म्हणायची, तुझं घर पाहून माझ्या घरात जावंसं वाटत नाही. मी वरवर नको नको म्हणायचे आणि आतून फुगायचे.

सगळ्यात भारी होतं ते पोतं. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल होती, ताटाएवढा डाग. तो मला बघवत नव्हता. चार वर्षांपूर्वी मी बांबूची चौकट बांधली, कापसाच्या जिनिंगमधून स्वच्छ पोती मागून आणली, ती शिवून चौकटीवर ताणली आणि लोकरीनं त्यावर संत्र्याचं झाड भरलं, जमिनीपासून पार छतापर्यंत. चौकट भिंतीला टेकवली, ती हलू नये म्हणून समोर पेट्या आणि तेजूची खाट लावली. डाग गायब. पावसाळ्यात कुबट वास आला की मी कापूर जाळायचे.

दिवाळीत तेजूनं या सगळ्याचा व्हिडिओ टाकला, नाव दिलं 'एकही खिळा न ठोकता'. हजारो लोकांनी पाहिला. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. सौंसरला नत्थूजींची सूनही फोन घेऊन बसली असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

वीरेंद्र, म्हणजे आमचे हे, जिनिंगमध्ये कामाला आहेत. त्या संध्याकाळी ते आले ते रोजच्यासारखे अंगणातच थांबले. कपडे तिथंच काढायचे, झटकायचे, तिथंच अंघोळ करायची आणि मग घरात पाय ठेवायचा, हा दोन हिवाळ्यांपासून माझा हुकूम होता. तेजूचा खोकला जात नव्हता. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी सांगितली, आणि धूळ म्हटल्यावर मला एकच दिसली, यांच्या केसांतली, बाह्यांवरची रुई. थंडीत ते अंगणात कुडकुडत अंगावर पाणी घ्यायचे. कधी तक्रार केली नाही.

जेवताना मी त्यांना फोनचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मालकाचं घर आहे. त्यानं म्हटलं तर सोडा लागन."

मी नाही नाही ते बोलले. आयुष्यात कधी कोणासमोर तोंड उघडलं का, असंही विचारलं. ते खाली मान घालून जेवत राहिले. आणि त्यांच्या त्या मानेकडे बघता बघता मला सुचलं: घर सुंदर दिसतं म्हणून जाणार असेल, तर ते सुंदर ठेवायचंच कशाला?

रविवारी सकाळी सातला सुरुवात केली. पडदे उतरवले, टोपली काढली, बाटल्या, गोधडी, पेट्या, सगळं इंदूच्या घरी नेऊन टाकलं. तेजू खोकत खोकत पुस्तकं उचलत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी तिनं विचारलंच, हे खोटं वागणं नाही का.

"खोटं तर आजवर होतं," मी म्हटलं. "आज खरं दाखवून राहिली मी."

मला वाटलं, काय फक्कड बोलले. दहा वाजता फक्त ते पोतं उरलं. खाट ओढली, वीरेंद्रांनी एक बाजू धरली, मी दुसरी. चौकट सहज निघेना. मागून चिकटली होती. जोर लावून ओढली तसा भिंतीचा मोठा पापुद्रा निघून आमच्या पायांवर पडला, आणि असा वास आला की तेजू नाक दाबून बाहेर पळाली.

ताटाएवढा डाग माझ्या खांद्याच्या वर चढला होता. काळी-हिरवी बुरशी, मखमलीसारखी जाड. सगळ्यात दाट कुठं, तर खाटेच्या उशाशी. पोत्याची मागची बाजूही काळी पडली होती. चार वर्षं माझ्या संत्र्याच्या झाडामागे भिंत सडत होती, आणि माझी पोर तिच्यापासून हातभर अंतरावर डोकं ठेवून झोपत होती.

वीरेंद्र भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी दारातून अंगणाकडे पाहिलं, जिथं त्यांची बादली होती. एकदाच. बोलायचं असतं तर त्यांना तेव्हा खूप काही बोलता आलं असतं, आणि बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी तिथंच खाली बसले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

बाहेर गाडी थांबली. सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधीच.

नत्थूजी पुढे, मागे साहेबांची बायको. अमिता तिचं नाव, जबलपूरकडची, हिंदी बोलणारी, साधीशी. नत्थूजी हसत आत आले आणि समोरच्या खोलीतच त्यांचं हसू मावळलं. फुटकी फरशी, उघडा बल्ब, पोपडे. त्यांनी खिशातून फोन काढला, व्हिडिओ लावला, एकदा फोनकडे आणि एकदा भिंतींकडे पाहिलं. व्हिडिओतलं घर कुठं आहे, म्हणून मला विचारलं. हेच घर आहे, मी म्हटलं.

"हे?" ते तेजूकडे वळले. "म्हणजे दुसऱ्या कोणाचं घर दाखवून आपलं म्हणून सांगितलं पोरीनं. खोटारडी."

तेजूचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्याकडे बघत होती. आमच्या गल्लीत माझ्या जिभेला सगळे टरकून असतात, आणि पोरीला ठाऊक होतं की आता आई बोलणार. मी बोलले नाही. कारण अमिता आतल्या खोलीच्या दारात उभी होती, नाकाला पदर लावून. एक शब्द बोलले असते तर सगळं उघडं पडलं असतं. मी जीभ दाताखाली धरली आणि पोरीच्या डोळ्यांतून डोळे काढून घेतले.

अमिता नत्थूजींना हळूच म्हणाली की तिचं बाळ लहान आहे, या घरात जमणार नाही. मला नमस्कार करून ती गाडीत जाऊन बसली.

नत्थूजी खोलीच्या मधोमध उभे राहिले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "राहा मग तुमीच," ते म्हणाले. "आहे त्याच भाड्यात राहा. हे दुसरं कोण घेईन."

जिंकले होते मी. सकाळपासून एवढ्यासाठीच राबले होते. आता फक्त 'हो जी' म्हणायचं आणि त्यांना दारापर्यंत सोडून यायचं, एवढंच काम उरलं होतं.

तेवढ्यात दाराशी तेजू खोकली. दोन वर्षं तो खोकला ऐकत होते. त्या क्षणी तो पहिल्यांदा माझ्या काळजात गेला.

"काकाजी, ही भिंत करून द्या," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी गंमत करते. सहा वर्षांत एक शब्द बोलली नाही, आज काहून, त्यांनी विचारलं.

"माझी चूक झाली. मी झाकत राहिली. तो व्हिडिओ खरा आहे, सामान इंदूच्या घरी आहे, जाऊन पाहा. माझी पोरगी खोटारडी नाही. पण ही भिंत बी खरी आहे, अन् तिच्यापाशी मी पोरीले झोपवणार नाही."

ते समजायला त्यांना थोडा वेळ लागला. समजलं तसा चेहरा लाल झाला. म्हणजे सकाळपासून फसवणूक चालली होती, म्हणाले. गिऱ्हाईक घालवलं. भिंत पोत्यानं कोंडून मीच सडवली आणि वर मिस्त्री मागते. त्यातलं अर्धं खरं होतं. "नसन परवडत तर एक तारखेले खाली करा," ते म्हणाले, आणि दाराकडे वळले.

दारात वीरेंद्र उभे होते.

"सोडा लागलं तर सोडू मालक," ते म्हणाले, नेहमीच्याच खालच्या आवाजात. "पण भिंत अशीच उघडी ठेवून जाऊ. अन् जो पाहाले येईन, त्याले मी स्वतः सांगीन की माझी पोरगी इथं दोन वर्षं खोकली. मी समजलो माझ्या अंगच्या रुईनं खोकलते. मिस्त्री कधी पाठवता, तेवढं सांगा."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. नत्थूजी परत आत गेले. त्यांनी भिंतीला हात लावला, नुसता लावला, तर वीतभर पापुद्रा सुटून त्यांच्या चपलेवर पडला. हात पायजम्याला पुसला. खाटेकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं.

"बुधवारी," म्हणाले, आणि कोणाकडे न बघता निघून गेले.

मिस्त्री बुधवारी आला नाही, शुक्रवारी आला. त्यानं विटांपर्यंत खरवडलं तेव्हा सापडलं: छताच्या पाण्याचा पाइप भिंतीत फुटलेला होता. तो बदलला, नवा गिलावा झाला. परीक्षा झाली की भाडं वाढेल, असं नत्थूजींनी फोनवर खरखरीत आवाजात सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, आता त्या भिंतीले एखादा खिळा ठोकला तरी चालन.

चौकटीचं ते झाड मी जाळून टाकलं. एका टाक्याचंही वाईट वाटलं नाही. तेजूनं तो व्हिडिओ काढला नाही, फक्त खाली लिहिलं की ओलीवर काही झाकू नका. तिचा खोकला कमी झाला आहे, पूर्ण गेला नाही.

भिंत उघडी झाली त्या रविवारीच संध्याकाळी वीरेंद्र बाजारातून आले आणि सवयीनं अंगणात थांबून सदऱ्याची बटणं काढू लागले. मी बाहेर गेले. माफी मागणं मला जमत नाही, कधी जमलं नाही. मी त्यांची बादली उचलली, न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि गरम पाणी ओतलं. ते मागे मागे आत आले.

बाकी घर मी पुन्हा सजवलं, पडदे, पेट्या, टोपली, सगळं. ती एक भिंत तेवढी उघडी आहे, राखाडी, ओकीबोकी. येणारे विचारतात, एवढं नटवलं आणि इथंच काहून काही नाही. मी दुसरा विषय काढते. तेजूचं अंथरूण घालताना रोज त्या भिंतीला तळहात लावून बघते. कोरडी असते. तरी रोज बघते.