घरचा सामना, परक्या शहरात

त्या बुधवारी सकाळी अध्यक्षांच्या स्वयंपाकघरात सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. गॅसवर चहा उकळत होता, अध्यक्षांच्या पत्नी भाजी निवडत बसल्या होत्या आणि गावच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष कानाला फोन लावून खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होते. त्यांची एकुलती एक मुलगी त्याच क्लबची डॉक्टर होती. दवाखाना उघडण्याआधी ती रोज आईच्या हातचा चहा प्यायला यायची.

"अहो, येतोय म्हणजे काय, बसमध्ये पहिला तोच चढणार!" अध्यक्ष फोनवर मोठ्याने हसले. "तुम्ही पोस्टर लावा बिनधास्त."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा मुलीच्या हातातला कप तसाच थांबला होता.

"कोण येतोय, बाबा?"

"भिंगरी. दुसरा कोण?"

"त्याला मी पंधरवडाभर खेळायला बंदी केली आहे."

अध्यक्षांनी खुर्ची ओढली. "त्याच्या डोक्याचा फोटो साफ आला ना?"

"पहिला साफ आला. काही वेळा रक्तस्राव हळूहळू होतो, काही दिवसांनी कळतो. तो एकच प्रश्न मला दोनदा विचारतो, उजेडात डोळे बारीक करतो. अशा डोक्याला पुन्हा धक्का बसला तर काय होईल, हे मी तुम्हाला आईसमोर सांगायचं का?"

आईचे हात भाजीत थबकले. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

भिंगरी हा क्लबचा सगळ्यात लाडका खेळाडू. बचावपटूंना गरागरा फिरवून पुढे निघून जायचा, म्हणून हे नाव पडलेलं. त्याची आई संघाचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. तिच्या अंगणातल्या दोरीवर निळे सदरे दिसले की सामना झाला हे गल्लीला कळायचं. मागच्या रविवारी चेंडूसाठी उडी मारताना भिंगरीचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं होतं. तो उठला, हसला, आणि कुठल्या बाजूला गोल करायचा ते त्याने पंचांनाच विचारलं. लोकांना ती गंमत वाटली. डॉक्टरला मात्र ती वाटली नव्हती.

"हा सामना आपल्या मैदानावर असता तर मी एका शब्दाने तुला अडवलं नसतं," अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले. "पण हा तिकडे शहरात आहे आणि आयोजकाशी केलेल्या करारात लिहिलंय. तो सुरुवातीच्या अकरांत दिसला नाही, तर ते अर्धे पैसे कापणार."

"म्हणजे सामना विकताना तुम्ही मुलगाही विकलात."

"जिभेला हाड आहे का तुझ्या?" अध्यक्ष ताडकन उठले. "पोरांचे पगार कशातून देतो मी? छप्पर कशातून घातलं?"

यात खोटं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पहिला सामना विकला तो प्रेक्षकांच्या सज्जावरचं छप्पर गळत होतं म्हणून. स्पर्धेच्या नियमाने प्रत्येक क्लबला निम्मे सामने आपल्या मैदानावर खेळायचे असतात. पण एका दूरच्या मोठ्या शहरात अवाढव्य स्टेडियम रिकामं पडलेलं होतं. तिथल्या आयोजकाला नामांकित संघातले नामांकित खेळाडू दाखवून तिकिटं खपवायची होती. तो लहान क्लबांकडे यायचा नि म्हणायचा, तुमचा घरचा सामना आमच्याकडे खेळा, पैसे आम्ही देतो. कागदावर यजमान तुम्हीच. "एकदाच," असं अध्यक्ष तेव्हा सभेत म्हणाले होते, आणि सभासदांनी माना डोलावल्या होत्या.

मग दुसरा विकला, पगारासाठी. यंदा तर एकामागून एक तीन गेले. सामन्याच्या दिवशी मैदानाचं फाटक बंद असायचं, तरी सवयीने काही म्हातारी माणसं फाटकापर्यंत येऊन परत फिरायची. चहावाल्याने टपरी बसस्टँडकडे हलवली. पैशांची चटक लागली तसे शेजारच्या गावांतले क्लबही त्या वाटेला लागले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण तेवढी अडचण भागवतोय.

"नुसता हात हलवायला नेतो त्याला," शेवटी अध्यक्ष म्हणाले. "राखीव खेळाडूंत बसवू, लोक बघतील, मी आयोजकाची समजूत काढेन. शब्द देतो."

वडिलांचा शब्द म्हणून मुलीने मान्य केलं. पुढे कितीतरी दिवस ती तेवढ्यावरून स्वतःला दोष देत राहिली.

बस एक अख्खा दिवस चालली. भिंगरी पडदा ओढून खिडकीला डोकं टेकून बसला होता. वाटेत तो दोनदा ओकला. "गाडी लागते मला, ताई," तो म्हणाला. पण गाडी त्याला कधीच लागत नसे, हे बसमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरने बस थांबवायला लावली आणि ती पुढच्या सीटवरच्या वडिलांना म्हणाली, "पोचल्याबरोबर मी याला दवाखान्यात नेणार. सामना-बिमना मला सांगू नका."

"नेऊ, नेऊ," अध्यक्ष रस्त्याकडे बघत म्हणाले.

पण रस्त्यात गाड्यांची ही रांग! बस स्टेडियमच्या दारात पोचली तेव्हा सामना सुरू व्हायला जेमतेम वेळ उरला होता. बाहेर भिंगरीचा भलामोठा फोटो लावलेला होता. आत पाहावं तिकडे पाहुण्या संघाचे लाल सदरे. या गर्दीत गावचा निळा रंग औषधालाही नव्हता. निवेदकाने यजमान क्लबचं नाव चुकीचं उच्चारलं आणि लोक खो खो हसले.

डॉक्टर गाडीची सोय बघायला धावत कार्यालयात गेली. परत येऊन पाहते तो भिंगरी कपडे बदलण्याच्या खोलीत बाकावर बसलेला, अंगात निळा सदरा, एका पायात बूट. दुसऱ्या बुटाची नाडी त्याच्या बोटांना काही केल्या जमत नव्हती. समोर अध्यक्ष, आयोजक आणि एक अनोळखी गृहस्थ उभे होते.

"हे आमचे डॉक्टर," आयोजक गोड आवाजात म्हणाला. त्याच्या अत्तराचा वास खोलीभर पसरला होता. "तुम्ही दमला असाल प्रवासाने. तपासणी यांनी केली. फिट आहे मुलगा."

"काय तपासलंत?" तिने त्या गृहस्थांना विचारलं.

"नाडी, रक्तदाब..." ते चुळबुळले. "तो स्वतःच बरा आहे म्हणतोय."

"बाबा, तुम्ही शब्द दिला होतात."

अध्यक्षांना घाम फुटला होता. "पाच मिनिटं, बेटा. नुसतं उतरू दे, शिट्टी वाजू दे, लगेच बाहेर काढतो. चेंडूजवळ जाणारसुद्धा नाही तो."

"ताई, खेळू दे ना," भिंगरी म्हणाला. त्याची जीभ जरा जड झाली होती. "पाच मिनिटांनी काय होतंय?"

बाकीचे खेळाडू माना खाली घालून पायमोजे सारखे करत होते. त्यांचे पगार याच सामन्यावर होते. कोण काय बोलणार? बाहेर ढोल-ताशासारखा गजर सुरू झाला. भिंतीला हादरे बसू लागले.

डॉक्टर वडिलांपाशी गेली. एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "माझं ऐकू नका. तुम्ही स्वतः त्याला विचारा. आत्ता आपण कुठे आहोत, एवढंच विचारा."

अध्यक्ष नाइलाजाने बाकापाशी वाकले. "काय रे भिंगरी, आज कुठे खेळतोय आपण?"

भिंगरी भाबडेपणाने हसला. "घरी, साहेब. घरचाच सामना ना आज?"

"बघा!" आयोजकाने टाळी वाजवली. "बरोबर सांगितलं की! आज यजमान तुम्हीच. झालं समाधान, डॉक्टर?"

पण भिंगरीचं बोलणं संपलं नव्हतं. तो दाराकडे बघत म्हणाला, "आई आली का हो? आज गर्दी आहे. तिला सांगा, मी आल्याशिवाय घरी जाऊ नको."

कप्तानाने हळूच मान वर केली. अध्यक्ष वाकलेले होते ते तसेच राहिले. घड्याळाकडे बघत आयोजक मात्र म्हणाला, "साहेब, वेळ होतेय. करार करार आहे. उतरवायचं की नाही ते सांगा."

अध्यक्षांनी मुलीकडे पाहिलं नाही. "बूट घाला त्याला," ते पुटपुटले.

तेवढं ऐकून डॉक्टर बाहेर पडली. बोगद्यासारख्या त्या वाटेवर मुख्य पंच दोन्ही संघांची वाट बघत उभे होते. आयोजक मागून हाका मारत होता. ती थेट पंचांसमोर जाऊन उभी राहिली आणि कॅमेरे, शिपाई, पाहुणे खेळाडू सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाली, "मी यजमान क्लबची डॉक्टर. आमचा एक खेळाडू गंभीर जखमी आहे. त्याला कुठे आहे ते कळत नाही. त्याला कुणी मैदानात आणलं, तर ते माझ्या नकाराच्या विरुद्ध असेल. तो मेला, तर माहीत नव्हतं असं तुम्हाला म्हणता येणार नाही."

पंचांनी शिट्टी ओठांवरून खाली घेतली. "आणू नका त्याला," ते म्हणाले.

त्याच क्षणी मागच्या खोलीतून कप्तानाची आरोळी आली. भिंगरी बाकावरून खाली कोसळला होता.

मैदानात सामना सुरू झाला, कारण तिकिटं विकलेली होती. गावचे दहा खेळाडू आणि एक राखीव पोरगा हातापायांत जीव नसल्यासारखे खेळले आणि दणकून हरले. शहरातल्या दवाखान्यात तेव्हा भिंगरीच्या डोक्यातलं साकळलेलं रक्त काढण्यासाठी शस्त्रक्रिया चालू होती. "अर्धा तास उशीर झाला असता तर," एवढंच बोलून तिथल्या सर्जनबाई थांबल्या. मैदानात एक धक्का बसला असता तर, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

त्याची आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली. तिला इकडची गाडी मिळेपर्यंत रात्र उलटली होती. पुढे अख्खी वाट तिने तो जिवंत आहे की नाही हे न कळता काढली, कारण वाटेत तिचा फोन बंद पडला होता. अध्यक्ष व्हरांड्यात उभे होते. ते पुढे होऊन म्हणाले, "वाचला तो. सगळा खर्च क्लब करेल."

तिने पदराने तोंड पुसलं. "साहेब, आपल्या मैदानापासून माझं घर हाकेच्या अंतरावर आहे," ती म्हणाली. "तिथे पडला असता तर त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं असतं." ती आणखी काही न बोलता आत गेली.

भिंगरी वाचला, पण खेळणं संपलं. उजवा हात अजून साथ देत नाही.

महिन्याभराने सभासदांची सभा भरली. पुढच्या वर्षीचे पाच सामने मागणारा आयोजकाचा नवा प्रस्ताव समोर होता, आणि रक्कम दुप्पट होती. अध्यक्षांनी लपवाछपवी केली नाही. आता करारात खेळाडूंची अट नसेल, असं सांगितलं. "मलाही वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण हे नाकारलं तर पगार निम्मे होतील, चांगली पोरं जातील, आपण खालच्या गटात जाऊ. डोळे उघडे ठेवून हात वर करा."

डॉक्टर उठली. "बाबा म्हणतात ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "आपण खाली जाऊ. पण आपण पहिला सामना विकला तेव्हा अटीत फक्त तारीख होती. मग त्यात सदऱ्यांचे रंग आले, मग सामन्याची वेळ आली, मग माणूस आला. ज्याने घर विकत घेतलं तो आत काय ठेवायचं तेही ठरवणारच. त्या दिवशी त्या खोलीत सगळे चांगले लोक होते. माझे वडील चांगले आहेत. तरी 'बूट घाला त्याला' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले. ती जागाच अशी आहे की तिथे उभं राहिलं की हेच शब्द निघतात. मला तिथे कुणालाच पुन्हा उभं करायचं नाही."

बराच वेळ खुर्च्या करकरत राहिल्या. कप्तान उठला आणि म्हणाला, निम्म्या पगारावर मी राहतो. दुसऱ्या एका खेळाडूने स्पष्ट सांगितलं की माझ्या घरी दोन लहान मुलं आहेत, मला जावं लागेल; त्यालाही कुणी बोल लावला नाही. मग हात मोजले गेले. प्रस्ताव थोड्याच मतांनी पडला. अध्यक्षांनी त्याच टेबलावर राजीनामा लिहून दिला आणि मुलीकडे न बघता ते बाहेर पडले.

त्यांनी भाकीत केलेलं सगळं घडलं. चार खेळाडू गेले, क्लब खालच्या गटात घसरला, सज्जाचं रंगकामही अर्धवट राहिलं. त्या दूरच्या शहरात मात्र काहीच थांबलं नाही. तिथले लोक वाईट नाहीत. तिकीट काढून ते लेकराबाळांसह खेळ बघायला जातात. पोस्टरवरचा माणूस कुणाच्या अंगणातून उचलून आणलाय, हे त्यांना कुणी सांगत नाही. वाचकहो, तुमच्याही शहरात असं एखादं पोस्टर लागलं असेल. तिकीट काढण्याआधी एवढं तरी विचारा, की आज ज्यांना यजमान म्हणतात त्यांचं गाव कुठे आहे, आणि तिथे या घडीला काय चाललं आहे.

वडील मुलीशी बोलत नव्हते. ती चहाला येई, ते पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जात. आई दोघांच्या मध्ये कप घेऊन उभी राही.

अशाच एका सकाळी तिचा फोन वाजला. पलीकडून एक तरुण, घाबरलेला आवाज आला. डोंगरापलीकडच्या गावातल्या क्लबचा नवा डॉक्टर होता तो. "ओळख नाही आपली," तो म्हणाला. "आमचाही सामना विकलाय. आज दुपारी आमची बस निघतेय. आमचा गोलकीपर धड चालत नाही, पण करारात त्याचं नाव आहे. सगळे मला तो फिट असल्याची सही कर म्हणतायत. काय करू, ताई?"

"सही करू नका," ती उठत म्हणाली. "आणि एकटे बसू नका. त्याच्या घरच्यांना बोलवा, तुमच्या सभासदांना बोलवा. मी निघालेच."

आईला त्या गावाचं नाव आणि गोलकीपरचं सांगून ती पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेली. मागे पावलं वाजली. वडील उंबऱ्याशी उभे होते. त्यांची दाढी वाढलेली होती. त्यांनी मूठ पुढे केली. मुठीत गाडीची किल्ली होती.

"इथली बस तिथे संध्याकाळी पोचते," ते म्हणाले. "तोवर ते त्याला बूट घालतील."

तिने किल्ली घेतली. ते क्षणभर घुटमळले, मग त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि तिच्या आधी जाऊन गाडीचं दार उघडलं.