सरोजिनीची आठ अक्षरं

मास्तरीण म्हणून मी पुढे तीस वर्षं काढली, पण माझी सगळ्यात वाईट शिकवणी मी तेराव्या वर्षी केली. विद्यार्थी होते माझे बाबा.

बाबा, म्हणजे मोतीराम, भंडाऱ्याकडून जबलपूरला आले ते फॅक्टरीत मजूर म्हणून. तिथल्या घमापूर वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. त्यांचं काम पेट्या उचलण्याचं. वीस वर्षं पेट्या उचलून त्यांची कंबर इतकी गेली होती, की सकाळी आई हात देऊन त्यांना उठवायची. हलकं काम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फॅक्टरीत त्यांना मिळण्याजोगं हलकं काम एकच होतं, पेट्यांवर रंगानं इंग्रजी शब्द उमटवण्याचं. त्याला परीक्षा असे. वीस शब्दांची यादी ठरलेली. त्यातले पाच साहेब विचारणार, ते पत्र्यात कोरलेल्या अक्षरांनी फळीवर उमटवायचे आणि अर्थ सांगायचा. चार तरी बरोबर यायला हवेत. बाबा दोनदा नापास झाले होते. तीनदाच बसता येतं, असा नियम होता. यंदा जमलं नाही तर कंबर मोडेपर्यंत पेट्याच उचलायच्या.

साल एकाहत्तर. मी आठवीत होते. शाळा हिंदी, पण इंग्रजीत वर्गात पहिली, आणि त्याचा मला भारी तोरा. यंदा मी शिकवते, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

मी यादी इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावली. प्रत्येक शब्दापुढे डिक्शनरीतला हिंदी अर्थ लिहिला. रोज पाच शब्द पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी तपासणी. दुसऱ्या दिवशी बाबांना एकही आठवत नसे. ते कानशील खाजवत हसायचे, आणि माझं डोकं फिरायचं.

एका रविवारी ते तेलाचा रिकामा पिपा घेऊन अंगणात बसले. पत्रा कापला, छिन्नीनं कोरला आणि संध्याकाळपर्यंत आठ अक्षरं तयार केली. मग ती ओळीनं जमिनीवर मांडली. SAROJINI. माझं नाव, माझ्या वहीवर बघून उतरवलेलं. मी लगेच चूक काढली. दोन I कशाला कोरले? एकच पत्रा दोनदा वापरता येतो.

"नावात दोन हायेत ना," बाबा म्हणाले.

मग त्यांना नवाच नाद लागला. ते पत्रे इकडचे तिकडे करायचे आणि हा शब्द आहे का, असं मला विचारायचे. JARON शब्द आहे का? नाही. NOSAR? नाही. RAIN? आहे, म्हणजे पाऊस. बाबा खूश. A च्या जागी O घेऊन पत्रे हलवले की IRON, म्हणजे लोखंड. AIR, म्हणजे हवा. असे सापडलेले शब्द मात्र ते विसरत नसत. फॅक्टरीतले जुने रंगारी म्हणे असंच काम करायचे. हाताशी असलेल्या पत्र्यांतून जेवढे शब्द निघतील तेवढे आधी उरकायचे, मगच नवा पत्रा काढायचा.

मला हे अजिबात पटत नव्हतं. यादीत पाऊस नव्हता की हवा नव्हती.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. मी शाळेतून आले तर बाबा पत्रे मांडून वाटच बघत होते. त्यांनी RAISIN लावला होता, आठातली सहा अक्षरं एका शब्दात. कुठल्याशा खोक्यावर वाचून आले होते. अर्थ काय, विचारलं. मी सांगितलं, मनुका. एवढे खूश झाले, की आईला हाक मारून त्यांनी तो शब्द दाखवला. माझं टाळकं सरकलं. मी पायानं पत्रे उधळले.

"पेटीवर मनुका नाही लिहायच्या, बाबा. तुमच्यानं नाही होणार हे. तुम्ही पेट्याच उचला."

आईचा भाकरीवरचा हात थांबला. तसल्या कंबरेनं वाकून बाबांनी एकेक पत्रा गोळा केला आणि फडक्यात बांधला. मी मदत केली नाही. ते मला आजही खुपतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद झाली. त्यांनी बोलावलं नाही आणि मी आपणहून गेले नाही. त्यांनी नाद सोडला असं मी धरून चालले, आणि माझी चूक आहे हे कळत असूनही ताठ्यात राहिले.

परीक्षेच्या दिवशी दुपारी मी शाळेतून लवकर आले. माझी लाल-निळी पेन्सिल सापडेना. शोधता शोधता फळीवर फडक्यातल्या पत्र्यांमागे ती मिळाली, बोटभर उरलेली. बाजूला बाबांची वही होती.

वहीत यादीतले शब्द होते, पण माझ्या क्रमानं नव्हते. POISON सगळ्यात वर. त्यातला P तेवढा निळा, बाकी सगळी अक्षरं लाल. खाली DANGER, त्यात A, N आणि R लाल. मग FRAGILE, त्यात R, A, I लाल. मला समजायला थोडा वेळ लागला. लाल होती ती माझ्या नावातली अक्षरं. निळी तेवढीच त्यांनी नव्यानं शिकायची ठेवली होती. ज्या शब्दात मी जास्त, तो आधी.

पुढे मराठीत अर्थ होते, त्यांच्या वाकड्या अक्षरात. FRAGILE म्हणजे भंगुर, असं मी त्यांच्याकडून दहादा घोकून घेतलं होतं. बाबांनी लिहिलं होतं, 'हळू धरा, फुटते.' मला रडू फुटलं. पुढची पानं उलटलीच नाहीत.

फॅक्टरीचा भोंगा झाला. थोड्या वेळानं बाबा आले, नेहमीसारखेच कंबरेवर हात ठेवून. चेहऱ्यावरून काही कळेना. मी दारातच वही पुढे धरली आणि म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आईच्या हातून पाणी घेतलं, सगळं प्यायले आणि मग सांगितलं, की पास झाले. पाचातले चार आले. आई पदरानं डोळे पुसायला लागली.

माझ्यातली मास्तरीण काही जात नव्हती. चुकला कुठला, मी विचारलं. KEEP, ते म्हणाले.

"तो तर सगळ्यात सोपा होता, बाबा. ठेवणे. काहून चुकला?"

"सोपा असंल," बाबा म्हणाले. "पण त्यात तुयं एकबी अक्षर नोहतं, माय. मले तो धरताच नाही आला."

त्याच संध्याकाळी त्यांनी फडकं सोडलं आणि माझ्या शाळेच्या पत्र्याच्या पेटीवर लाल रंगात माझं नाव उमटवलं. दोन I होते, दोन्ही वेगवेगळ्या पत्र्यांनी.