मोटरहोमचा पिवळा दिवा

एप्रिलच्या मध्यावर वॉनमधल्या, गाड्या ठेवायच्या यार्डातला बर्फ एकदाचा गेला आणि नंदकुमारांनी मोटरहोमला किल्ली लावली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पाठोपाठ डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. धुराच्या यंत्रणेत बिघाड आहे, दुरुस्त केला नाही तर तीनशे किलोमीटरनंतर वेग आपोआप कमी होईल, असा दम खालच्या ओळीत होता.

उमाताई शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्तीनंतर त्यांचा एकच हट्ट होता: हा देश स्वतःच्या चाकांवर ओलांडून पश्चिम किनाऱ्यावरच्या सरेला लेकीच्या, ऋचाच्या दारात उतरायचं. गेल्या सप्टेंबरात गाडी घेतली, दसऱ्याला पूजा केली, आणि थंडी आली. एकही ट्रिप झाली नव्हती.

"डेफ गोठलं असणार," नंदकुमार म्हणाले. डेफ म्हणजे डिझेलचा धूर साफ करणारं युरियाचं पाणी. नंदकुमारांचा जन्म पूल बांधण्यात गेला होता, त्यामुळे जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांचं मत तयार असे. त्यांनी जुनं डेफ काढलं, नवं भरलं. दिवा ढिम्म हलला नाही. गॅरेजवाल्यानं डेफच्या टाकीचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं, आणि पार्ट जुलैत येणार म्हणाला.

तिथे त्यांचा धीर सुटला. "उमा, आपली वयं झाली आता. मंडळातला देवेश शनिवारी गाडी बघायला येतोय. देऊन टाकू."

उमाताईंनी गाडीची किल्ली स्वतःकडे घेतली. "शनिवारपर्यंत मला बघू द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी आधी जुनं आणि नवं डेफ तपासलं. दोन्ही उत्तम निघालं. मग बिघाडाचा कोड वाचणारा कोड रीडर गाडीला लावला. टाकीच्या हीटरचं सर्किट ओपन, असं त्यानं सांगितलं.

"म्हणजे हीटर गेला," नंदकुमार म्हणाले.

"हीटर गेला की त्याची वायर तुटली, हे कुणी चेक केलं का?"

कुणीच केलं नव्हतं. उमाताईंनी टाकीचा प्लग काढून हीटरला मीटर लावला. हीटर ठणठणीत होता. दुखणं वायरीत होतं, तर वायरीच्या मागे जायला हवं. गॅरेजवाल्याला तेवढी सवड नसावी, उमाताईंकडे सवडच सवड होती. एकाहत्तराव्या वर्षी त्या योगा मॅट टाकून गाडीखाली शिरल्या आणि वायरीचा जुडगा बोटांनी चाचपत पुढे सरकल्या. बाजूच्या झडपेमागे हात मऊ कशात तरी गेला.

उंदराचं घरटं होतं. त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या, आणि कुंकवात माखलेले तांदळाचे दाणे. शेजारी वायर कुरतडून दोन तुकडे झालेली.

उमाताई तशाच पडून राहिल्या. त्या अक्षता त्यांच्याच होत्या. दसऱ्याला झडप उघडून यंत्राला फुलं-अक्षता वाहिल्या होत्या, आणि झाडून न घेता तशीच झडप लावली होती. पूजेवरून नवरा चाळीस वर्षं चिडवत आला होता. आता तर त्याला उरलेल्या जन्माचं खाद्य मिळणार. दाणे मुठीत लपवावेत आणि वायर तेवढी दाखवावी, असं क्षणभर वाटलं. पण प्रयोगशाळेत त्यांनी कधी नमुना लपवला नव्हता. त्या बाहेर आल्या आणि मूठ उघडली.

"चूक माझी आहे. उंदराला आमंत्रण मीच दिलं."

नंदकुमारांनी दाण्यांकडे पाहिलं. मग वाकून झडपेत हात घातला आणि दातांचे ठसे उमटलेली करवंटी बाहेर काढली.

"मी नारळ ठेवलाच नव्हता," उमाताई म्हणाल्या.

"मी ठेवला," नंदकुमार पुटपुटले. "तू घरी गेल्यावर. खोबऱ्याची वाटी आणि गुळाचा खडा. म्हटलं, तुझी गाडी आहे, काही व्हायला नको."

उमाताई इतक्या हसल्या की त्यांना बंपर धरावा लागला. मग नंदकुमारांनी मुकाट्यानं डाख देऊन वायर जोडली, त्यावर नळी चढवली आणि कोड पुसला. दिवा मात्र तसाच होता. खात्री पटल्याशिवाय तो विझत नाही, गाडी चालवूनच दाखवावी लागते. शनिवारी सकाळी उमाताईंनी स्टिअरिंग धरलं आणि चारशे नंबरच्या हायवेनं बॅरीची वाट पकडली. जाताना दिवा जळत होता. परतताना किंग रोडच्या अलीकडे तो गेला. दोघंही पुढचे पाच किलोमीटर काही बोलले नाहीत, न जाणो परत लागायचा.

यार्डाच्या फाटकात देवेश वाट बघत होता. "काका, गाडी एकदम स्मूद वाटते. अजून सेल करताय ना?"

उमाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मला काय विचारतोस?" नंदकुमार देवेशला म्हणाले. "मेकॅनिकला विचार."

"नाही विकायची," उमाताई म्हणाल्या. आनंद त्यांच्या आवाजात मावत नव्हता.

पुढच्या रविवारी निघताना त्यांनी चाकापुढे नारळ फोडला. नंदकुमारांनी खोबऱ्याचा तुकडा न् तुकडा वेचला, जागा दोनदा झाडली, आणि स्वतःहून शेजारच्या सीटवर जाऊन बसले.